बिनवजनाची बाई

“बिरनाळेबाई, तेवढा चहा सांगता का?”

चहाचं बटण भिंतीवर होतं आणि भिंत यशोधन इनामदारांच्या पाठीमागे होती. साहेबांनी नुसता हात मागे नेला असता तरी काम झालं असतं. पण त्यांनी हाक मारली ती टेबलाच्या पार दुसऱ्या टोकाला बसलेल्या त्रिशला बिरनाळेला, आणि त्रिशलाही बोलणं अर्धवट सोडून उठली. ती काही बोलत होती हेच मुळात कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं, तेव्हा ते अर्धवट राहिल्याचं कुणाला काय वाटणार?

‘संधिनी’ ही मिरजेच्या औद्योगिक वसाहतीतली कंपनी माणसांचे गुडघे आणि खुबे बनवायची. टायटॅनियमची मैद्यासारखी बारीक पावडर थरावर थर पसरायची, लेझरने वितळवायची आणि ज्याच्या त्याच्या हाडाच्या मापाचा सांधा छापून काढायचा. पावडर चांगली तर सांधा चांगला. ती पावडर खरेदी करणाऱ्या विभागात त्रिशला कंपनी सुरू झाल्यापासून होती. तिच्या कितीतरी मागून आलेला ओंकार सबनीस आता उपप्रमुख होता आणि त्याला सगळे ‘सबनीस साहेब’ म्हणत. त्रिशला अजून ‘बिरनाळेबाई’च होती. यात कुणाचा दुष्टपणा नव्हता, आणि तिला खरा राग त्याचाच यायचा. कुणी मुद्दाम डावललं असतं तर भांडता तरी आलं असतं.

त्या दिवशी समोर चोक्सी बसला होता. ऑस्टरव्हिक नावाच्या परदेशी कंपनीकडून पावडर यायची आणि तिच्या वतीने इथे बोलणी करायचं काम चोक्सीकडे होतं. अलीकडे पावडरीच्या खेपांत गुठळ्या निघत होत्या. ‘संधिनी’ला प्रत्येक खेपेची तपासणी मिरजेत व्हायला हवी होती. चोक्सी गोड हसून म्हणत होता, की तपासणी आमच्याच प्रयोगशाळेत होईल, तुम्ही फक्त अहवाल बघा.

चोक्सीच्या डोळ्यांवर नजरकाटा होता. एव्हाना मोठ्या कंपन्यांच्या बोलण्यांत दोन्ही बाजूंनी चष्म्यात बसवलेला हा काटा घेऊन यायचं, असा रिवाजच पडला होता. त्यामागचं शास्त्र तसं साधं. माणूस ‘हो’ म्हणण्याआधी क्षणभर कुणाकडे तरी बघतो. लहान मूल आईकडे बघतं, दुकानदार भागीदाराकडे बघतो. ही नजर इतक्या झटकन जाऊन परत येते, की बघणाऱ्याला स्वतःलाही ती गेल्याचं कळत नाही. कॅमेऱ्याला कळतं. बैठका, लग्नं, बारशी, सोसायटीच्या सभा, जिथे म्हणून माणसांची चित्रं उपलब्ध असतील तिथल्या या नजरा मोजून काटा सांगायचा, की या माणसांमध्ये कुणाच्या शब्दाला किती वजन आहे. खुर्ची कुणाची मोठी याच्याशी त्याला देणंघेणं नसायचं.

पुढचं काम खरं महत्त्वाचं. ज्याचं वजन जास्त, त्याचं काटा एक प्रतिरूप बनवायचा. त्याची बोलण्याची ढब, चिडण्याची वेळ, माघार घेण्याआधी चष्मा पुसायची सवय, सगळं त्यात भरायचं आणि त्या प्रतिरूपाशी तीच बोलणी हजारो वेळा करून बघायची. म्हणजे खरा माणूस समोर बसेपर्यंत तो काय म्हणणार हे समोरच्याला पाठ झालेलं असायचं. पण अशा एका प्रतिरूपाला इतकी वीज लागायची, की ते सरसकट सगळ्यांसाठी करणं कुणालाच परवडत नसे. म्हणून हलकी माणसं काटा सोडून द्यायचा. त्यांची गणना ‘पार्श्वभूमी’ या सदरात व्हायची. त्याच सदरात पडदे, कुंड्या आणि पाण्याचा थर्मासही असायचा.

कँटीनमधून चहा यायला वेळ लागत होता म्हणून त्रिशला बाहेरच्या पॅसेजमध्ये जाऊन उभी राहिली. पोऱ्याने आणलेला ट्रे तिने तिथेच हातात घेतला. तेवढ्यात चोक्सी फोनवर बोलत बाहेर आला आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

“नाही हो, तपासणीवर ते अडणार नाहीत,” तो म्हणत होता. “काटा सांगतोय ना! इनामदार आधी आवाज चढवतात, मग चहा झाला की सोडून देतात. सबनीस काय, तो इनामदारांकडे बघून बोलतो. आता खरं म्हणाल तर मिरजेत तपासणी दिली म्हणून आपलं काही अडत नाही. पण जोर लावून मागायला हवं ना कुणीतरी!”

मग त्याने त्रिशलाच्या ट्रेमधला एक कप उचलला, “थँक यू” म्हणाला आणि आत गेला.

त्याच्या चष्म्यात एक सोय होती. समोरच्या बाजूचं वजनदार माणूस जवळपास असलं की चष्मा कानात बारीक टिकटिक करून मालकाला सावध करायचा. त्रिशला समोर उभी असताना तो गप्प राहिला होता. पडद्यासमोर बोलताना कोण सावध राहतं?

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत येऊन बसली तेव्हा इनामदारांचा आवाज चढून उतरलाही होता. कप खाली ठेवत ते म्हणाले, “ठीक आहे, निदान या वर्षापुरतं आपण असं करू या, की...”

“नाही,” त्रिशला म्हणाली. “तपासणी मिरजेतच. नाहीतर आज बोलणं इथंच थांबवू या.”

चोक्सी सवयीने क्षणभर थांबला, चष्म्याच्या काचेवर पुढचं वाक्य उमटायची वाट बघत. काचेवर फक्त ‘माहिती अपुरी’ असं आलं. तो हसला. “मॅडम, असं एकदम...” म्हणाला. परत थांबला. ती हटेना. काट्याशिवाय बोलणी कशी करायची याची सवयच मोडून गेलेल्या त्या माणसाची जी धांदल उडाली, ती बघण्यासारखी होती. जेवणाच्या सुट्टीआधी तपासणी मिरजेला मिळाली.

दुसऱ्या दिवशी इनामदारांनी तिला बोलावून घेतलं. बैठकीचा आपल्या काट्यावरचा अहवाल त्यांनी कंपनीच्या तज्ज्ञांकडून वाचून घेतला होता आणि स्वारी जाम खूश होती.

“बाई, तुम्ही म्हणजे आमचं छुपं अस्त्र निघालात. आमच्या काट्यावर तुम्ही नाही, म्हणजे त्यांच्याही नाहीच! आता पुढच्या प्रत्येक बैठकीत तुम्ही अशाच कोपऱ्यात बसायचं, आणि शेवटी बोलायचं.”

त्या दिवशी त्रिशला तरंगतच घरी गेली. इतकी वर्षं आपल्याला कुणी मोजत नाही म्हणून ती मनातल्या मनात कुढत आली होती. आता तेच न मोजलं जाणं तिच्या हातातलं हत्यार झालं होतं. “बघ की,” ती नवऱ्याला म्हणाली, “ज्यांनी मला पायरीखालचा दगड समजलं, ते त्याच दगडाला अडखळून पडले.”

आणि खरंच, पुढच्या दोन वर्षांत बरेच जण पडले. तिच्या समोर लोक मोकळेपणाने बोलायचे, एकमेकांना खुणा करायचे, आपली अडचण उघडी टाकायचे. ती ऐकायची, चहाचे कप पुढे सरकवायची आणि शेवटी एखादं वाक्य असं टाकायची, की समोरच्याचा काटा आंधळा व्हायचा. पण अस्त्र छुपं राहायचं तर काही नियम आले. करारावर तिचं नाव नको. कंपनीच्या फोटोत ती नको. वार्षिक बक्षीस समारंभात तिला बक्षीस नको. प्रत्येक यशाचं श्रेय जाहीरपणे सबनीसला. सबनीस स्टेजवर जाऊन ढाल घ्यायचा, टाळ्या पडायच्या, आणि त्रिशला शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवायची. पहिल्या वेळी तिला गंमत वाटली. नंतर नंतर तळवे दुखायला लागले.

“हे सगळं किती दिवस?” तिने एकदा विचारलं.

“ऑस्टरव्हिकची पावडरीची भट्टी मिरजेत आणायची आहे,” इनामदार म्हणाले. “तो करार झाला की खरेदीप्रमुख तुम्हीच. शब्द आहे माझा.”

ती त्या शब्दावर विसंबून राहिली. मग मध्येच संमेदचा घोळ झाला.

संमेद म्हणजे तिचा नवरा. गांधी चौकाजवळ त्याची रक्त तपासायची छोटी लॅब होती. माणूस सरळ, हसरा, आणि त्याला एक सवय. कुणीही काहीही विचारलं, की उत्तर देण्याआधी तो त्रिशलाकडे बघायचा. भाजी कोणती आणायची, लग्नाला जायचं का, नवीन यंत्र घ्यायचं का. विचारायचा नाही, नुसतं बघायचा. मित्र त्याला चिडवायचे, “संमेदचं उत्तर वहिनींच्या तोंडावर लिहिलेलं असतंय.” तोही त्यांच्यात हसायचा. त्रिशलाच्या अख्ख्या दिवसात तिच्याकडे अशी वळणारी नजर तेवढी एकच होती, पण तेव्हा तिने ती कधी मोजली नव्हती.

जयसिंगपूरला चुलत दिराच्या वास्तुशांतीत कुणीतरी संमेदला विचारलं, “काय, वाडीतली जागा विकायला काढणार काय?” संमेदने सवयीप्रमाणे तिच्याकडे बघितलं. दिराच्या पोराने केलेलं चित्रीकरण नेटवर चढलं. पुढच्या बैठकीत त्रिशला चहाचा कप ठेवायला वाकली, तशी समोरच्या माणसाच्या कानातली टिकटिक तिला स्पष्ट ऐकू आली. तो बोलता बोलता थांबला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे नीट बघू लागला. ती बैठक वाया गेली. दिराच्या पोराला सांगून तिने ते चित्रीकरण नेटवरून काढायला लावलं.

“तुमच्या मिस्टरांना जरा सांगा,” इनामदार म्हणाले. “चारचौघांत तुमच्याकडे बघू नका म्हणावं.”

असलं वाक्य ऐकून खरं तर टेबलावरची फाईल भिरकवायला हवी होती. त्रिशलाने ते वाक्य मुकाट्याने घरी नेलं.

“बघायचं पण नाही?” संमेदने विचारलं. त्याच्या हातातला घास तसाच राहिला होता.

“चारचौघांत रे.”

“आणि घरात बघू काय?”

“घरात बघ की. कोण अडवलंय?”

संमेदने घास ताटात ठेवला. “तसं होत नसतंय. घरात बघत राहिलो तर बाहेर पण मान वळणारच. मोडायची तर सगळीकडंच मोडायला लागंल. तू सांग, मोडू काय?”

आणि हे विचारतानाही तो तिच्याकडे बघत होता.

“प्रमुख होईपर्यंतच,” त्रिशला म्हणाली. “मग काय, कितीही बघ.”

सुरुवातीला त्याला फार जड गेलं. कुणी काही विचारलं की तो घाईघाईने पंख्याकडे बघायचा, नाहीतर चपलांकडे. दोघं हसायची त्यावर. हळूहळू पंखा सुटला, चपला सुटल्या. तो विचारणाऱ्याकडे बघून सरळ उत्तर द्यायला लागला. जिद्दीचा माणूस, घेतलेलं काम पुरं केल्याशिवाय सोडायचा नाही. दिवाळीआधी त्याने घराला रंग द्यायचं ठरवलं आणि रंग कोणता ते त्रिशलाला रंगारी डबे घेऊन दारात आल्यावर कळलं. फिका हिरवा. वाईट नव्हता. बोलायला तर तिला तोंडच नव्हतं. भिंतीकडे बघून मात्र तिला प्रत्येक वेळी चीड यायची आणि कुणावर चिडायचं ते कळायचं नाही.

भट्टीच्या कराराची बोलणी चार महिने चालली. ऑस्टरव्हिकने या वेळी चोक्सीच्या जोडीला आणखी बडी माणसं आणि नवा काटा पाठवला होता. इनामदार तोंड उघडायचे आणि समोरून उत्तर तयार यायचं. सबनीसला तर एका बैठकीत त्याचंच वाक्य त्याच्या आधी ऐकवण्यात आलं. त्रिशला कोपऱ्यात बसून राहिली, कप सरकवत राहिली. समोरच्या मंडळींना युरोपातली भट्टी बंद करावीच लागणार आहे, हे तिला त्यांच्याच आपसातल्या कुजबुजीतून कळलं. शेवटच्या दिवशी सगळे उठायच्या बेतात असताना ती म्हणाली, “आम्हाला घाई नाही. तुमची जुनी भट्टी बंद होईल तेव्हा या.” सगळ्या चष्म्यांवर ‘माहिती अपुरी’ उमटलं असणार, कारण सगळी माणसं एकदम एकमेकांकडे बघायला लागली. भट्टी मिरजेला आली.

त्या आठवड्यात कंपनीच्या फलकावर खरेदीप्रमुखाच्या नेमणुकीची सूचना लागली. ओंकार सबनीस.

त्रिशला दार न ठोठावता इनामदारांच्या खोलीत शिरली.

“बाई, तुम्ही व्यवहारी आहात,” इनामदार शांतपणे म्हणाले. ते चिडले असते तर बरं झालं असतं. “तुम्हाला प्रमुख केलं की दारावर पाटी लागणार. माणसं उठून उभी राहणार, तुमच्याकडे बघून बोलणार. सहा महिन्यांत तुमचं वजन वाढणार. मग तुमच्यात आणि सबनीसमध्ये फरक काय राहिला?”

“म्हणजे काम चांगलं करते म्हणून मला बढती नाही.”

“काम तुम्ही कुणाला न दिसता करता. तीच तर तुमची किंमत आहे.” त्यांनी समोरच्या पडद्यात डोकं घातलं. “आणि जाता जाता जरा चहा सांगा.”

ती चहा न सांगता बाहेर पडली. कुणाच्या लक्षात आलं नाही. घरी गेली, फिक्या हिरव्या भिंतीसमोर बसली आणि रडली नाही, नुसती धुमसत राहिली. फसवलं म्हणून राग होताच. पण जास्त राग याचा होता, की स्वतःला पुसून टाकायला तिने स्वतःच हातभार लावला होता. त्यांनी चारचौघांतलं मागितलं, तिने घरातलंही देऊन टाकलं.

“मग सोडून दे की,” संमेद म्हणाला. तो पेपर वाचत होता.

नेमका त्याच सुमारास नलिनीकाकू उपाध्यांचा फोन आला. काकू जैन महिला मंडळाच्या अध्यक्षा. मंडळ दरवर्षी एका कर्तबगार बाईचा सत्कार करायचं आणि काकू दरवर्षी त्रिशलाला विचारायच्या. ती दरवर्षी काहीतरी सबब सांगायची, कारण सत्कार म्हणजे शाल, श्रीफळ, भाषणं, चित्रीकरण आणि हॉलभर नजरा. तिच्या नोकरीत याच्याइतकी विषारी गोष्ट दुसरी नव्हती.

“या वर्षी पण नाहीच म्हणणार ना गं?” काकू म्हणाल्या.

“घेते की सत्कार,” त्रिशला म्हणाली. “प्रमुख पाहुणे कोण?”

“ठरायचंय अजून.”

“आमच्या इनामदार साहेबांचं नाव घाला.”

“येतील काय ते?”

“आधी छापा तर.”

मंडळाची ती जुनी खोड होती. पत्रिका आधी छापायची, पाहुण्यांना मग विचारायचं. नाव छापून गावभर वाटल्यावर नाही म्हणणं म्हणजे पाहुण्याचीच शोभा, त्यामुळे आजवर कुणी नाही म्हटलं नव्हतं. काकूंनी पत्रिका तर छापलीच, शिवाय मिशन हॉस्पिटलच्या चौकात झळकता फलकही लावला. एका बाजूला त्रिशलाचा फोटो, एका बाजूला इनामदारांचा, मध्ये फुलांची कमान.

इनामदार फलक बघून तडक तिच्या टेबलाशी आले. आजवर ते तिथे कधी फिरकले नव्हते, टेबल कुठलं ते त्यांना शिपायाला विचारावं लागलं. मग दोघं त्यांच्या खोलीत गेली. ते बसले, ती उभी राहिली.

“हे रद्द करा.”

“पत्रिका गेल्या साहेब. तुमच्या सासुरवाडीला पण गेलीय.”

“तुम्हाला कळतंय का काय होईल? त्या स्टेजवर मी तुमच्याकडे बघणार. हॉल बघणार. तुम्ही दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक काट्यावर असाल!” बोलता बोलता त्यांनी सवयीने चष्मा लावला. कंपनीतल्या माणसांशी बोलतानाही ते काटा वापरत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कोण पगारवाढीवर अडेल, कोण दोन गोड शब्दांत विरघळेल, सगळं त्यांना आधी कळायचं. आता त्यांनी काचेकडे बघितलं, चष्मा काढून पुसला, परत लावला.

“तुमच्याबद्दल हा काहीच कसा सांगत नाही?”

“माझ्यावर वीज घालवायची नाही, असं तुम्हीच ठरवलं होतंत.”

या बाईला काय हवंय, ती कुठवर ताणेल, हे इनामदारांना कळेना, आणि विचारायला काटा नव्हता. त्रिशलाने अशी माणसं टेबलापलीकडे पुष्कळ बघितली होती.

“प्रमुखाची जागा मला हवी आहे,” ती म्हणाली. “जाहीरपणे. सत्काराच्या आधी.”

“अहो, पण तुमचं वजन वाढलं तर आमच्या काय उपयोगाच्या तुम्ही?”

“वाढणार तर आहेच. फलक लागलाय. आता ते वजन तुमच्याकडे ठेवायचं की दुसऱ्या कंपनीकडे, एवढंच ठरवा. आणि उपयोगाचं म्हणाल, तर समोरचे आता सगळा काटा माझ्यावर लावतील. माझं प्रतिरूप करतील, माझ्याशी हजारदा बोलतील, माझ्या पापणीवर लक्ष ठेवतील. मी त्यांना हवं ते दाखवीन. मग माझ्या शेजारी बसलेल्या माणसाकडे कोण बघणार?”

“शेजारी कोण बसणार?”

“सबनीस साहेब. खरं बोलणं ते करतील.”

“सबनीसला वजन आहे.”

“उतरेल की. माझं जागच्या जागी ठेवायला तुम्हाला कुठं कष्ट पडले? मधूनमधून चहा सांगायला लावायचं.”

इनामदारांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. बराच वेळ ते तिच्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघत राहिले.

“बसा, मॅडम,” ते शेवटी म्हणाले, आणि त्यांचा हात मागे भिंतीवरच्या बटणाकडे गेला.

सत्कार रविवारी दुपारी मंडळाच्या हॉलमध्ये झाला. शाल पांघरून त्रिशला स्टेजवर बसली. इनामदार माइकसमोर उभे राहिले आणि म्हणाले, “आमच्या कंपनीत बिरनाळे मॅडमकडे बघितल्याशिवाय पान हलत नाही. पहिल्या दिवसापासून त्यांची योग्यता मी ओळखून होतो.” टाळ्यांचा कडकडाट झाला. धडधडीत खोटं बोलत होता माणूस, आणि ते इतकं सुरेख, की त्रिशलाला उठून माइक हिसकावून घ्यावासा वाटला. तिने मान लववून नमस्कार केला. दुसऱ्या रांगेत सबनीस बसला होता. तो टाळ्या वाजवत होता. कशा वाजवाव्या लागतात ते तिला माहीत होतं.

हॉलभर माणसं तिच्याकडे बघत होती. हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि तरी तिची नजर रांगांमधून संमेदला हुडकत होती. तो दिसला. तोही बघत होता, बाकीचे बघत होते तसा.

कार्यक्रम संपल्यावर जेवणाच्या टेबलांपाशी नलिनीकाकूंनी दोघांना गाठलं.

“काय रे संमेद, पुढच्या महिन्यात मंडळाची सहल आहे श्रवणबेळगोळला. येणार ना दोघं?”

“येणार की,” संमेद काकूंकडे बघून म्हणाला. लगेच, स्वच्छ आवाजात.

त्रिशला त्याच्या शेजारीच उभी होती. अंगावर शाल होती, हातात नारळ होता. ती थांबली. बहुतेक त्याची नजर वळेल थोड्या वेळाने, असं तिला वाटलं. ती वळली नाही. संमेदने जिलेबीचा तुकडा मोडून तोंडात टाकला.

“संमेद, मी प्रमुख झाले.”

“हां, मग! चारदा सांगितलंय मी सगळ्यांना.”

“आता चालतंय बघितलेलं.”

त्याला कळलं नाही. मग कळलं, आणि त्याचा चेहरा उतरला. “अगं, माझ्या ध्यानातच आलं नाही. आता ते होतच नाही बघ आपोआप.”

“काकू,” त्रिशला म्हणाली, “परत एकदा विचारा ह्याला.”

“काय विचारू?”

“सहलीचं.”

काकूंना वाटलं काहीतरी थट्टा चाललीय. त्यांनी हसत हसत परत विचारलं, “येणार ना रे दोघं?”

संमेदने जिलेबी ताटात ठेवली. मान वळवली आणि त्रिशलाकडे बघितलं. अगदी मनापासून, काही चुकू नये अशा बेताने, शाळेत सांगितलेलं मूल करतं तसं. हॉलच्या कोपऱ्यात मंडळाचा कॅमेरा अजून चालूच होता. त्याने ती नजर नक्की मोजली असणार.

त्रिशलाने नाही मोजली.